घरचे कपडे आणि मनाचा सैलपणा

बाहेरून घरी आल्यावर बहुतेक माणसे चहाच्याही आधी कपडे बदलतात. पँट-शर्ट, साडी किंवा पंजाबी ड्रेस खुंटीवर जातो आणि लेंगा, लुंगी, हाफ पँट, गाऊन किंवा धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट अंगावर येतो. एवढ्याने उकाडा कमी होत नाही की डोक्यातली कामे संपत नाहीत. तरीही ‘आता कसे बरे वाटले’ हे शब्द हमखास तोंडून निघतात. या बरे वाटण्यात त्वचेचा वाटा आहे, आठवणींचा आहे आणि आजूबाजूच्या माणसांचाही आहे. त्वचा आणि आठवणी यांचा अभ्यास प्रयोगशाळांत बराच झाला आहे. माणसांच्या वाट्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही, आणि महाराष्ट्रातल्या घरांत, विशेषतः बायकांच्या बाबतीत, शेवटी तोच निर्णायक ठरतो.

कपड्याचा स्पर्श त्वचेला सतत होत असतो, पण सतत जाणवत नाही. स्पर्शाची नोंद घेणाऱ्या मज्जातंतूंपैकी बरेचसे फक्त बदल टिपतात. दाब आहे तसाच राहिला की त्यांचे संदेश थंडावतात. सदरा अंगात घातल्यावर काही क्षण कळतो, मग त्याचा विसर पडतो. कपडा अंगावर आहे याचा विसर पडणे, ही तो सुखाचा असल्याची सर्वांत साधी खूण. मानेला टोचणारे लेबल, कमरेला काचणारे इलॅस्टिक किंवा घामाने पाठीला चिकटलेले कापड हा विसर पडू देत नाही, कारण दर हालचालीला त्याची जागा आणि दाब बदलतो आणि मेंदूला नव्याने खबर जाते. दिवसभर ही बारीक कुरकुर चालू राहिली की माणूस चिडचिडा होतो आणि चिडचिडीचे खापर भलत्याच गोष्टीवर फुटते. काही जणांत ही संवेदना फार तीव्र असते. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना मोज्याची शिवण किंवा शर्टाचे लेबल खरोखर असह्य होते. त्याला हट्ट समजून त्यांना रागावणे अन्यायाचे आहे. हेन्स या अमेरिकी कंपनीने 2002 मध्ये लेबलाऐवजी आतून छापलेली माहिती असलेले टी-शर्ट बाजारात आणले आणि पुढे ती पद्धत सर्रास रूढ झाली.

त्रास नसणे ही झाली एक बाजू. स्पर्शाचे सुख ही त्याहून वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यासाठी शरीरात वेगळी वाट आहे. स्वीडनमधल्या संशोधकांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस माणसाच्या त्वचेत अतिशय मंद गतीने संदेश नेणारे काही बारीक मज्जातंतू शोधले. हात-पाय, पाठ, चेहरा अशा लव असलेल्या भागांत ते मोठ्या संख्येने असतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर अशा सावकाश गतीने, त्वचेइतक्याच उबदार गोष्टीने कुणी कुरवाळले, की ते सर्वाधिक जागे होतात. स्पर्श कुठे झाला हे नेमके सांगण्यापेक्षा तो किती हवासा आहे हे सांगणे, हे त्यांचे मुख्य काम. मऊ, सैल कपडा अंगाच्या उबेने उबदार होतो आणि उठता-बसता त्वचेवरून हलकेच सरकतो; या तंतूंना आवडणाऱ्या स्पर्शाच्या तो बराच जवळ जातो.

कापड टोचते का, हे धाग्यातल्या तंतूंच्या जाडीवर ठरते. कापडातून बाहेर डोकावणाऱ्या तंतूची जाडी सुमारे 30 मायक्रॉनच्या वर गेली की तो त्वचेला टेकल्यावर सहज वाकत नाही, सुईसारखा रुततो आणि वेदना टिपणारी टोके जागी करतो. लोकरीचे कपडे अंगाला ‘चावतात’ ते यामुळे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, म्हणून तिची घोंगडी पावसा-थंडीत राखण करायला उत्तम. पण धनगर ती सदऱ्यावरून किंवा बंडीवरून खांद्यावर घेतो, उघड्या अंगावर सहसा नाही. कापसाचा तंतू या 30 मायक्रॉनच्या निम्म्याच्या आसपास जाडीचा असतो आणि लवचीकही. त्यात कापूस पाणी धरून ठेवतो: सामान्य दमट हवेत तो स्वतःच्या वजनाच्या 7 ते 8 टक्के ओलावा शोषतो, तर पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. दमट मुंबईत किंवा कोकणात पॉलिएस्टरचा शर्ट काढून सुती बनियनवर बसल्यावर जो सुटकेचा श्वास निघतो, त्याचा उगम या आकड्यांत आहे.

तरीही नवे सुती कापड लगेच सुखाचे नसते. मागावर चढवण्याआधी उभ्या धाग्यांना खळ दिली जाते, म्हणजे ते ताण आणि घर्षण सोसतात. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव या यंत्रमागांच्या गावांत या एका कामासाठी सायझिंगचे स्वतंत्र कारखाने आहेत. कोऱ्या कापडाचा कडकपणा काही अंशी या खळीचा, काही अंशी विक्रीआधी दिलेल्या चमकदार फिनिशचा. धुण्यागणिक दोन्ही उतरतात, धाग्यांचा पीळ किंचित सैलावतो, वरचे तंतू तुटून बारीक लव उभी राहते आणि कापड पातळ, मवाळ, पडेल तसे पडणारे होते. जुन्या कपड्याचा मऊपणा हा असा झिजेतून आलेला असतो, आणि झीज फार पुढे गेली की तोच कपडा एका दिवशी कोपरावर टरकतो. टी-शर्ट आणि बनियन यांची गोष्ट थोडी निराळी. होजिअरीचे कापड मागावर विणलेले नसते. एकाच धाग्याचे फास एकमेकांत ओवून ते तयार होते, म्हणून ताणले की पसरते आणि सोडले की परत येते. अमेरिकी नौदलाने 1913 च्या सुमारास असा अर्ध्या बाह्यांचा सदरा गणवेशाखाली घालायला दिला, तिथून टी-शर्टची घोडदौड सुरू झाली. आत घालायचे वस्त्र वरून घालायला लागणे, हा प्रवास पुढे घरच्या कितीतरी कपड्यांनी केला.

उष्णतेचा हिशेबही मनाशी जोडलेला आहे, कारण उकडत असताना कुणी प्रसन्न राहत नाही. कपडे किती ऊब धरतात हे मोजायला 1941 मध्ये गॅगे, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी ‘क्लो’ हे एकक सुचवले. शांत बसलेल्या माणसाला 21 अंश सेल्सिअसच्या खोलीत ना थंडी ना उकाडा वाटू देणारे कपडे म्हणजे 1 क्लो, साधारण एक पूर्ण सूट. हाफ पँट आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा 0.4 च्याही आत येतो. साडीत ही ऊब मागेपुढे करता येते: पदर डोक्यावर घेतला, खांद्याभोवती लपेटला किंवा कमरेला खोचला, की तेच वस्त्र वेगळे होते. पण साडीचा खरा काच कमरेला असतो.

परकराचा नाडा घट्ट बांधल्याशिवाय निऱ्या टिकत नाहीत. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर तो काचल्याने कमरेभोवती काळपट वळ पडतो, त्वचा जाड होते, खाज सुटते. क्वचित गोष्ट याहून पुढे जाते. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील मधुबनीच्या डॉक्टरांनी 2024 मध्ये दोन वयस्क स्त्रियांची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली. कमरेच्या या वळावर झालेली जखम दीर्घकाळ बरी न होता तिथे त्वचेचा कर्करोग झाला होता. त्यांतली एक नाडा घट्ट बांधून साडी नेसत असे, तर दुसरी परकराविना लुगडे नेसणारी होती. घट्ट आवळलेले वस्त्र दोघींतही समान. असे रुग्ण अगदी विरळ आहेत, पण त्यामागचा रोजचा काच विरळ नाही. त्यावर डॉक्टरांचा सल्ला साधा असतो: नाडा सैल बांधावा, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी वापरावी, त्वचेवर बदल दिसले तर सैल कपडे घालावेत. गाऊन बायकांना इतका का आवडला, याचे उत्तर इथेच आहे. त्याचा सगळा भार खांद्यांवर असतो आणि कंबर मोकळी राहते. साडीत दिवस काढलेल्या शरीराला ही मोकळीक केवढी वाटत असेल, हे साडी न नेसणाऱ्याने समजून घ्यायला हवे.

आता आठवणींचा भाग. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांना जन्मताच आईपासून तोडून दोन कृत्रिम ‘आयां’जवळ ठेवले, एक उघड्या तारांची आणि एक मऊ कापडाची. 1958 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष गाजला: दूध तारेच्या आईकडे असले तरी पिल्ले दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत आणि भ्याली की तिच्याकडेच धावत. प्रयोग निर्दय होता, त्यावर पुढे कठोर टीकाही झाली. पण बाळाचे आईशी असलेले नाते भुकेपुरते असते, हा तोवरचा समज त्याने मोडला. साधारण त्याच काळात ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट मुलांच्या हातातल्या चिंध्यांकडे आणि पांघरुणांच्या टोकांकडे पाहत होते. आईपासून थोडे दूर होताना मूल एखाद्या मऊ वस्तूचा आधार घेते, ती धुतलेली त्याला खपत नाही आणि तिच्याशिवाय झोप येत नाही, हे त्यांनी 1953 च्या निबंधात मांडले. पालकांनी ती वस्तू ओढून घेऊ नये असा त्यांचा आग्रह होता.

मराठी घरांत या वस्तूची सोय जन्माआधीच होते. बाळाची पहिली झबली आणि दुपटी नव्या कापडाची नसावीत, आजीच्या जुन्या लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची असावीत, असा रिवाज अनेक घरांत होता. मऊपणा हे त्याचे उघड कारण. त्याबरोबर घरच्या माणसांचा वासही त्या कापडातून बाळापाशी पोचत असे. गोधडी हा याचाच मोठा अवतार. तीत कापूस भरलेला नसतो. जुनी लुगडी, धोतरे, चादरी यांचे थर एकावर एक पसरून, काठापासून आत येत येत, जवळजवळ धावदोऱ्याने ती शिवतात. दोरा ओढला जाईल तिथे कापडावर बारीक सुरकुती पडते आणि या सुरकुत्यांमध्ये हवा अडकते, म्हणून गोधडी पातळ असूनही ऊब देते. आतल्या थरांवरचे काठ ज्यांना ओळखू येतात, त्यांना कुठला तुकडा कुणाचा हे सांगता येते.

वासाचा मनावर होणारा परिणाम तपासलेला आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या 2018 च्या एका प्रयोगात 96 स्त्रियांना ताण देणारी चाचणी देण्याआधी टी-शर्ट हुंगायला दिले: काहींना स्वतःच्या जोडीदाराने घातलेला, काहींना परक्या पुरुषाचा, काहींना कुणीच न घातलेला. जोडीदाराचा वास घेतलेल्यांना ताण कमी जाणवला. परक्याचा वास घेतलेल्यांच्या शरीरात मात्र कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण वाढले. नवरा गावाला गेला की त्याचा न धुतलेला सदरा उशाशी घेणारी स्त्री किंवा गेलेल्या आईचे लुगडे कपाटात तसेच ठेवणारा मुलगा यांच्या वागण्यात वेडेपणा काही नाही.

मनःस्थितीनुसार माणूस कपडे निवडतो हे उघड आहे. ब्रिटनमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या कॅरेन पाइन यांनी 2012 मध्ये स्त्रियांना याबद्दल विचारले, तेव्हा उदास असताना जीन्स आणि ढगळ टॉप घालतो असे सांगणाऱ्या निम्म्याहून अधिक निघाल्या. आनंदात असताना ढगळ टॉपला हात लावणाऱ्या अगदी थोड्या. मानसोपचारतज्ज्ञही रुग्णाला तपासताना त्याच्या पेहरावाची नोंद करतात. रोज नीट राहणारा माणूस आठवडाभर त्याच कपड्यांत दिसू लागला, तर त्याकडे आळस म्हणून पाहू नये. नैराश्याच्या खुणांपैकी ती एक असू शकते.

कपड्यांनी मनःस्थिती बदलते का, हा प्रश्न अधिक अवघड आहे. हायो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी 2012 मध्ये दाखवले की पांढरा कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घातलेल्यांचे लक्ष अधिक एकाग्र होते, तोच कोट ‘चित्रकाराचा’ म्हणून दिला तर तसे होत नाही. ही कल्पना जगभर पसरली. मात्र 2019 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्यांतला एक प्रयोग मोठ्या गटावर पुन्हा केला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. त्यामुळे ‘अमुक घाला म्हणजे तमुक वाटेल’ छापाच्या सल्ल्यांवर फार विसंबू नये. तरी अंगवळणी पडलेल्या कपड्याचा माणसाच्या वागण्यावर पगडा असतो, हे निरीक्षण जुने आहे. अठराव्या शतकात युरोपातले श्रीमंत आणि विद्वान पुरुष घरी तंग कोट काढून सैल, पायघोळ झगा घालत. त्यासाठी भारतातून गेलेल्या छापील चिटाच्या कापडाला मोठी मागणी होती. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो याने 1769 मध्ये आपल्या जुन्या झग्याच्या विरहावर एक निबंध लिहिला. जुन्याच्या टोकाने पुस्तकावरची धूळ झटकता येई, दौतीत शाई घट्ट झाली तर लेखणी त्यालाच पुसता येई. भेट मिळालेल्या नव्या, उंची लाल झग्यात तो अवघडून बसू लागला आणि झग्याला शोभावे म्हणून खोलीतल्या बाकीच्या वस्तूही एकेक करून बदलत गेला.

घरच्या कपड्यांचे सुख अती झाले तर तेही अंगाशी येते. इस्पितळात वयस्कर रुग्ण दिवसभर झोपायच्या कपड्यांत राहिला की स्वतःला आजारीच समजत राहतो, बिछान्यातून उठत नाही आणि त्याचे स्नायू झपाट्याने अशक्त होतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 2018 मध्ये यावर खास मोहीम चालली, सकाळी रुग्णाला उठवून त्याचे नेहमीचे कपडे घालायला लावायचे. 2020 च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्या अनेकांनी हीच युक्ती स्वतःहून शोधली. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लेंगा असा जो वेष तेव्हा सगळीकडे दिसला, त्यात कामाला सुरुवात झाल्याची खूण वरच्या निम्म्या अंगाने सांभाळली होती.

राहिला माणसांचा वाटा. कपडा कितीही मऊ असो, तो घालून कुणासमोर वावरता येते यावर त्याचे सुख ठरते. मुंबईच्या चाळीतली गॅलरी अर्धी घरात, अर्धी रस्त्यावर. तिथे पुरुष बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यावर पेपर वाचत बसायचे, पाण्याची बादली भरायचे, शेजाऱ्याशी गप्पा मारायचे, आणि त्यात कुणाला वावगे वाटत नसे. बाईच्या गाऊनला ही मुभा नव्हती. आजही फ्लॅटची बेल वाजली की आतली बाई आधी खुर्चीच्या पाठीवर टाकलेली ओढणी उचलते, ती सापडली नाही तर टॉवेल किंवा वाळत घातलेला एखादा पंचा खांद्यावर घेते, आणि मग कडी काढते. त्याच दारात जरा वेळापूर्वी घरातला पुरुष हाफ पँटवर उभा राहून गॅस सिलिंडरवाल्याला पैसे देऊन गेलेला असतो. सासरी सासऱ्यांसमोर गाऊन चालेल का, या प्रश्नाने कितीतरी घरांत अबोले झाले आहेत. माहेरी आलेली मुलगी पहिल्या दिवशी जुना गाऊन अंगावर चढवून दुपारभर लोळते, तेव्हा तिला मिळालेला आराम कापडापेक्षा त्या घराने दिलेल्या मुभेचा असतो.

ही मुभा गावकीच्याही ताब्यात जाते. नवी मुंबईतल्या गोठिवली गावात 2014 मध्ये महिला मंडळानेच दिवसा गाऊनवर घराबाहेर फिरण्यास बंदी घातली आणि 500 रुपये दंड ठरवला. आंध्र प्रदेशातल्या तोकलापल्ली गावात 2018 मध्ये सकाळी 7 ते संध्याकाळी 7 या वेळेत असाच नियम झाला, दंड 2000 रुपये. दळण आणायला, भाजी घ्यायला किंवा मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला गेलेल्या बायका त्याच्या कचाट्यात सापडल्या. त्याच वाटेने लुंगीवर जाणाऱ्या पुरुषांसाठी कुठेही दंड नव्हता.

नोकरीच्या जगात हे बंध बरेच सैल झाले. हवाईत 1966 पासून शुक्रवारी फुलाफुलांचे शर्ट घालून कामावर येण्याची पद्धत रुजली, 1992 मध्ये जीन्स बनवणाऱ्या लिव्हाइसने कंपन्यांना साध्या पोशाखाची मार्गदर्शिका पाठवली, आणि पुढे पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत टी-शर्ट हा रोजचा वेष झाला. घराच्या दारातला बदल मात्र कपड्यांच्या शिवणीतून आला. आजच्या गाऊनचा गळा उंच असतो, छातीवर कापडाचा दुहेरी थर असतो, बाह्या कोपरापर्यंत येतात आणि बाजूला मोबाइल मावेल असा खिसा असतो. सैल कुर्ता-पायजमा आणि एकाच कापडाचे को-ऑर्ड सेट तर दुपारी त्यावर आडवे होता यावे आणि बेल वाजल्यावर ओढणी शोधावी लागू नये, अशा बेताने शिवलेले असतात. बायकांच्या घरच्या कपड्यांत त्यांचा खप वाढला, तो या दुहेरी सोयीमुळे.